डोलकाठीच्या तारा

आपल्या जिल्ह्यातील खानापूरच्या रानात म्हादई उगम पावते. तिचेच नाव दिलेली शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली, व २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे यांनी तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वडगावचे आम्ही घाटावरचे रहिवासी. तरी या नात्याने नौकेच्या एका अंगाविषयी लिहिण्याचा मोह होतो.

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वास्तविक पुढून, मागून व दोन्ही अंगांनी ताणलेल्या तारांनी तिला जखडलेले असते. लहान नौकांवर ही तार बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची, एकोणीस धाग्यांची असते. ‘न गंजणारे’ हे नाव मात्र फसवे होय. या पोलादावरील रक्षक थर टिकण्यास प्राणवायू लागतो. तारेचे टोक ज्या धातूच्या नळीत दाबून बसवितात, तेथे खारे पाणी साचते, प्राणवायू पोहोचत नाही, आणि आतल्या आत गंज धरतो. त्यात लाटांमुळे तार घटकेत ताणते, घटकेत सैलावते. पुन्हा पुन्हा वाकविलेली तार तुटावी तसे धागे तुटू लागतात. पाणी खाली ओघळते म्हणून खालचे टोक आधी दगा देते.

म्हणून जाणते नाविक तारेवरून कापसाचा बोळा फिरवितात. तुटका धागा असल्यास कापूस अडकतो. एक धागा तुटला तरी तार बदलावी. अठरा शाबूत आहेत हा हिशेब येथे चालत नाही, कारण तेही तितकेच थकलेले असतात. नळीवर केसाएवढी भेग किंवा तांबूस ओघळ दिसला तरी तेच. समुद्रावर दहा वर्षांच्या आसपास सर्वच तारा नव्या घालण्याचा प्रघात आहे; केवळ चकाकी पाहून मुदत वाढविणे आम्हांस अविचाराचे वाटते.

वाऱ्याकडील तार तुटल्यास नौका ताबडतोब वळवून भार दुसऱ्या अंगावर घ्यावा. तेवढ्याने कधी डोलकाठी वाचते. ती पडलीच, तर तारांना लोंबकळत नौकेच्या कुशीवर आदळते व भगदाड पाडू शकते. याकरिता तारा तोडण्याची भक्कम कात्री हाताशी ठेवतात.

झीज नसतानाही डोलकाठी जाते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात कमांडर अभिलाष टॉमी यांची गोव्यातच बांधलेली ‘थुरिया’ वादळात पूर्ण उलटली, डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीस जबर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. २०२३ साली तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.