पीएच.डी.नंतरचे संशोधन : जैववैद्यकातील संधी आणि सोनाळ्याच्या परिसरातील प्रश्न

पीएच.डी.च्या पुढचा टप्पा पोस्ट-डॉक्टरल संशोधनाचा, म्हणजे पदवीनंतर अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी अधिछात्रवृत्तीवर केलेल्या संशोधनाचा असतो. या काळात संशोधक नवे तंत्र आत्मसात करतो आणि स्वतःचा प्रश्न निवडून त्याचा पाठपुरावा करण्यास शिकतो. म्हणूनच जैववैद्यकात, म्हणजे जीवशास्त्राच्या साधनांनी रोगांची कारणे, निदान व उपचार शोधणाऱ्या शास्त्रात, स्वतंत्र प्रयोगशाळेकडे जाणारी वाट बहुधा याच टप्प्यातून जाते.

उदाहरणार्थ, पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात जिवंत पेशी वाढवण्याचे, तंत्र अभ्यासले. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्यावर त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. एका व्यक्तीच्या या उच्च प्रशिक्षणातून देशाला एक नवी संशोधनशाखा लाभली.

आज अशा प्रशिक्षणासाठी देशातच अनेक मार्ग आहेत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असून तिच्यासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे आणि महिला व राखीव प्रवर्गांना तीत सवलत मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही स्वतंत्र योजना आहेत, तर या विभागाने ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसह २००८ मध्ये सुरू केलेली ‘इंडिया अलायन्स’ स्वतंत्र विचाराच्या तरुण संशोधकांना दीर्घ मुदतीचे पाठबळ देते.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्याच्या विद्यार्थ्याला प्रश्न शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्याच्याच संग्रामपूर तालुक्यात पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक असलेला भूभाग, पसरलेला असून तेथील मूत्रपिंडविकारांविषयी वर्षानुवर्षे चिंता व्यक्त होत आली आहे. त्यात पाण्यातील क्षार, कीटकनाशके, उन्हातील श्रमामुळे होणारे निर्जलीकरण आणि मधुमेह यांपैकी कशाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी रक्त, लघवी व पाणी यांच्या नमुन्यांची दीर्घकाळ सांगड घालणारा संशोधक हवा. दुसरा प्रश्न सिकलसेलचा आहे. या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनमधील बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, आणि विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था या आजारावर काम करते, तर मुंबई आयआयटीतील ‘बेटिक’ केंद्र २०१४ पासून डॉक्टर व अभियंत्यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे विकसित करते.

अर्जापूर्वी मार्गदर्शकाची संमती आणि नेमक्या प्रश्नावर आधारलेला आराखडा हाती असणे आवश्यक आहे. त्यामुळे इच्छुकांनी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातच संबंधित शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार सुरू करावा. गावच्या पाण्याचा आणि आजारांचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्यांनी तोच अनुभव संशोधनाचा विषय म्हणून मांडावा, कारण हे प्रश्न सुटण्याची गरज त्यांच्याच परिसराला सर्वाधिक आहे.