दुसऱ्या वेळ अमावस्येची काळजी
वजनाच्या ऑपरेशननंतरचं आयुष्य : लेखांक सातवा

मार्गशीर्षातली अवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की बिदरच्या नौबादपासून भालकी-औरादपर्यंत गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात. कडब्याची कोप, कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातलं आंबील. वजनाचं ऑपरेशन होऊन काही महिनेच झालेल्या माणसाला या पंगतीचं भय नसतं. चार घासांत त्याचं पोट गच्च होतं, कुणी कितीही आग्रह केला तरी पाचवा घास उतरत नाही. खरी काळजी पुढच्या वर्षीच्या पंगतीची. तोवर वजन उतरलेलं असतं, कपडे नवे शिवून झालेले असतात, डॉक्टरांकडच्या फेऱ्या थांबलेल्या असतात. आणि नेमकी त्याच सुमारास भूक परत येते.

स्लीव्ह ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, हे आपण मागे पाहिलं. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन उतरवण्याचं बरंचसं काम ऑपरेशनच करतं. पुढे शरीर कमी अन्नात भागवायला शिकतं आणि घासही थोडे वाढतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ किलोपर्यंत खाली येतो आणि पुढे ९० च्या आसपास स्थिरावतो. एवढं वजन परत येणं हे अपयश नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण चार किलो वाढले म्हणून लाजेनं दवाखान्याचं तोंड न पाहणारी माणसं पुढे चाळीस किलो वाढवून बसतात.

महाराष्ट्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण नितीन गडकरींचं. त्यांचं ऑपरेशन २०११ मध्ये मुंबईत झालं. २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगितलं की आपलं वजन एकेकाळी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. मला त्यातला आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही. मधली दहा वर्षं मोलाची वाटतात, कारण पहिल्या वर्षीचे बारीक झालेले फोटो सगळेच दाखवतात.

आता पंगतीत बसू. आपल्या भागातलं हे जेवण या माणसाला वर्ज्य नाही, उलट त्यातली भज्जी त्याच्यासाठीच रांधल्यासारखी आहे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, वर बेसन. ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून पहिला घास भज्जीचा. तो तोंडात अगदी पातळ होईस्तोवर चावायचा, मगच दुसरा. भाकरी शेवटी, तीही चतकोर. एका भाकरीत प्रथिनं तीन-चार ग्रॅमच असतात आणि तिनंच पोट भरलं तर डाळीला जागा कुठून मिळणार? वरणात भाकरी कुस्करून भुरकण्याची आपली सवय इथे अडचणीची ठरते. मऊ घास न चावताच खाली घसरतो, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि हात पुन्हा ताटाकडे जातो.

आंबील जेवणाबरोबर नको. जेवण झालं की अर्धा तास थांबून, घोट घोट घ्यावं. पाण्याचाही हाच नियम. मात्र दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायलाच हवं, आणि बिदरच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त.

खिरीचं काय? बायपास झालेल्याच्या पोटातून गोड पदार्थ झपाट्यानं आतड्यात उतरतो. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ येते, छातीत धडधडतं, दरदरून घाम सुटतो, जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी उलटा त्रास होतो. रक्तातली साखर एकदम उतरते, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेतातल्या उन्हात हे झालं की घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. स्लीव्हवाल्यांना हा त्रास सहसा कमी होतो, म्हणून त्यांचा मोह जास्त टिकतो. ‘खा की गं अक्का, सणाचं एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारी जाऊ वाईट नसते. तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं. जेवायला बोलावणाऱ्या घराला आधी कल्पना देणं हेसुद्धा पथ्यच आहे, आणि ती रुग्णाच्या नवऱ्यानं किंवा सासूनं दिली तर जास्त लागू पडते.

पंगत वर्षातून एकदाच येते. वजन परत आणतात ती रोजची फरसाणाची पुडी, चहाबरोबरची बिस्किटं आणि दुकानात बसून येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे. जेवणं ठरलेल्या वेळी, ताट वाढून घेऊन, मधे चरणं बंद. उपवासाचंही बघा. दिवसभर साबुदाण्यावर राहणं म्हणजे त्या दिवशी प्रथिनं जवळजवळ शून्य. एकादशी करायचीच असेल तर दूध, दही, पनीर यांवर करावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखांक लिहायला घेतला, ती. आपल्याकडे अशक्तपणा आला, उलट्या होऊ लागल्या की पहिलं वाक्य असतं, ‘दोन सलाईन लावा, तरतरी येईल.’ शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशन झालेल्याला आठवडाभर उलट्या होत राहिल्या तर हा साठा तळाला जातो. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं. अशा वेळी आधी थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस बरळू लागतो. झालेली हानी कधी कधी पुरती भरूनही येत नाही. म्हणून उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका. कोणत्याही दवाखान्यात सलाईन लावण्याआधी ‘याचं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या’ हे एक वाक्य बोला. ते रुग्णाच्या बायकोला, मुलाला, शेजाऱ्याला पाठ असलं पाहिजे.

बी-१२ ची गोष्ट याच्या उलट, फार सावकाश घडते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे गोळ्या सोडल्या तरी लगेच काही बिघडत नाही. मग कधीतरी तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, म्हणजे मुळातच साठा तुटपुंजा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांची झीज आत चालूच राहते. लोहाची गोळी चहाबरोबर नको. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं घ्यावं, कारण ते पचायला जठरातलं आम्ल फारसं लागत नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. महिन्याचा खर्च ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्यायला हवा, आणि तो न सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग आहे.

आपल्याकडचे रुग्ण हैदराबादला, सोलापूरला, पुण्याला जाऊन ऑपरेशन करतात. तपासणीसाठी दरवर्षी तिकडे जाणं सगळ्यांना झेपत नाही, हे मान्य. पण रक्त बिदरमध्ये देता येतं आणि रिपोर्ट फोनवर पाठवता येतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम एवढं तरी वर्षातून एकदा तपासावं. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं चालू ठेवू नका आणि बंदही करू नका. वजन उतरलं की त्यांचा डोस बदलावा लागतो.

खिशात एक कार्ड ठेवा. ऑपरेशन कोणतं, कधी, कुठे झालं, कोणती औषधं चालत नाहीत, हे त्यावर लिहा, आणि कन्नडमध्येही लिहा. मराठी घरातला माणूस रात्री बिदरच्या सरकारी दवाखान्यात नेला जातो तेव्हा ड्युटीवरच्या नर्सला ते झटकन वाचता आलं पाहिजे. न चालणाऱ्या औषधांत पहिलं नाव गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचं. बायपासमध्ये नव्या जोडावर त्यांनी अल्सर होतो, तंबाखू आणि बिडी-सिगारेटनंही होतो. ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल चालतं.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बायपासनंतर ती रक्तात लवकर चढते आणि जास्त चढते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूच्या व्यसनाचं प्रमाण पहिल्या वर्षी वाढलेलं दिसलं नाही, दुसऱ्या वर्षी दिसलं. जेवणातून मिळणारा आनंद आटला की काही माणसं तो दुसरीकडे शोधतात. घरच्यांनी हे ओळखावं आणि न ओरडता डॉक्टरांपर्यंत न्यावं.

चालण्यासाठी नौबादकरांना कुठे लांब जायला नको. बहमनी काळातल्या कारेझच्या, म्हणजे भुयारी पाटाच्या, विहिरींची तोंडं जिथे रानात ओळीनं दिसतात, त्या बाजूला सकाळी तासभर फिरता येतं. पण नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना ओझंही लागतं. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं, दिवसाआड एवढ्यानं सुरुवात होते.

तरुण सुनांसाठी एक सूचना लगेच देऊन ठेवतो. ऑपरेशननंतर किमान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर पोटातून घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून ठरवावा. त्यानंतरच्या बाळंतपणात काय काय पाहावं लागतं, ते पुढच्या आठवड्यात.