जुनी गाडी, पहाटेचा गारठा आणि शेगडीचा मोह

विश्रामबागेत आमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी मिनीबस विकत घेतली. मागची बाकडी काढून दोन झोपायच्या फळ्या, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. (असे बदल केले की आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. ती त्यांनी केली, पण बरेच जण करत नाहीत.) उन्हाळ्यात गाडी कोकणात जाऊन आली. मग जानेवारीत महाबळेश्वरचा बेत ठरला. पहाटे चारला निघायचे, पेठ नाका, कराड, सातारा, वाई करत उजाडताना पसरणीचा घाट चढायचा आणि रात्री गाडीतच मुक्काम. बरोबर त्यांची आई. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना, पाय कायम गार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज डोकावलो, तर मागच्या फळीखाली कोळशाची लोखंडी शेगडी ठेवलेली. "काकूंसाठी हो सर," शेजारी म्हणाले. "घरी निखारे फुलवून घेतो, धुराचा प्रश्नच नाही. चालत्या गाडीत खिडकी जरा फट ठेवली की झालं."

काळजी अगदी खरी होती. उपाय मात्र जीवघेणा होता.

आधी गारठ्याचे बघू. सांगलीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १४ अंशांच्या आसपास असतो. आपण त्यालाच हुडहुडी म्हणतो. महाबळेश्वर आपल्यापेक्षा आठशेहून अधिक मीटर उंच आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तिथे पाचेक अंश कमी धरायचे. वेण्णा तलावाच्या खोलगट भागात रात्री जड, थंड हवा उतरून साचते. तिथले दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या यामुळेच. अंगावर स्वेटर, कानटोपी असेल तर धडधाकट माणसाला यात काही होत नाही. पण वय झालेल्या शरीराला गारठ्याची जाणीव उशिरा होते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हाताऱ्या माणसाला गाडीत थंडी लागू न देणे ही चैन नव्हे.

मग ऊब आणायची कुठून? गंमत अशी की चालत्या गाडीत उबेचा तुटवडा मुळी नसतोच. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो. तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि तेवढीच कूलंटमधून रेडिएटरकडे. महामार्गावर साठच्या वेगाने जाणाऱ्या मिनीबसचा रेडिएटर सहज दहा-पंधरा किलोवॅट उष्णता वाऱ्यावर सोडत असतो. गाडीचा हीटर म्हणजे याच गरम पाण्याच्या वाटेवर बसवलेला छोटा रेडिएटर आणि त्यामागचा पंखा. वेगळे इंधन लागत नाही आणि आत काही जळतही नाही.

आणि गरज किती? आतली हवा बाहेरपेक्षा दहा अंशांनी उबदार ठेवायची असेल, तर मिनीबसच्या उघड्या पत्र्यातून आणि काचांतून साधारण दोन किलोवॅट उष्णता झिरपून जाते. फटींमधून जाते ती वेगळी. मिनिटाला नुसती दोन घनमीटर थंड हवा आत शिरली, तर ती तितकीच उबदार करायला चारशे वॅट लागतात. शांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता देते. म्हणजे चार माणसांच्या अंगाची ऊब नुसत्या दाराच्या फटी खाऊन टाकतात. सरकत्या दाराचे चिरलेले रबर, गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटके आवरण, पेडलजवळची गंजलेली भोके, वायरी आत घ्यायला पाडलेली आणि पुन्हा न बुजवलेली छिद्रे अशा या फटी असतात. जुन्या गाडीत हीटर वाढवण्याआधी या बुजवाव्यात. त्या दुसऱ्या एका कारणासाठीही बुजवाव्या लागतात, ते पुढे येईल.

शेजाऱ्यांच्या गाडीला हीटर होता, पण कोमट फुंकर मारण्यापलीकडे काही करत नव्हता. म्हणून तर शेगडी! सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मेस्त्रींनी बॉनेट उघडले आणि हसून म्हणाले, "व्हॉल्व्हच काढून टाकलाय की ओ कुणीतरी! उन्हाळ्यात गाडी तापत असंल, मग काढला असंल." हा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी ऐंशीच्या आसपास तापले की उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते आणि थंडीत इंजिन कधी नीट तापतच नाही. घाट चढताना इंजिनाला जोर लागतो म्हणून हीटर जरा बरा वाटतो, आणि उतार लागला की पुन्हा गार वारा. आपल्या भागात गाडी तापण्यावरचा रामबाण म्हणून हा व्हॉल्व्ह सर्रास काढला जातो. मूळ दोष असतो चोंदलेल्या रेडिएटरचा किंवा दमलेल्या वॉटर पंपाचा. इंजिन गार राहिले की डिझेल जास्त लागते आणि झीजही वाढते, ते वेगळेच.

नवा थर्मोस्टॅट बसला, कूलंट बदलले, पाइपांत अडकलेली हवा काढली आणि ब्लोअरमधून हात शेकता येईल असा वारा आला. तो मागच्या फळीपर्यंत पोहोचेना, म्हणून ड्रायव्हरच्या मागे जाड पडदा लावला आणि चालत्या प्रवासात काकूंनी पट्टा लावून पुढे बसायचे ठरले. फळीवर आडवे होणे मुक्कामाला. चालत्या गाडीत आडवा झालेला माणूस एका करकचून लावलेल्या ब्रेकने कुठे जाऊन आदळेल, हे थंडीइतकेच गंभीर आहे.

आता शेगडीकडे येतो. निखाऱ्याला धूर नसतो, पण म्हणून तो निरुपद्रवी नसतो. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो चुरचुरत नाही. धूर आला तर माणूस निदान खोकून उठतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरतो. खिडकीची फट पुरत नाही. किती हवा येते-जाते हे वाऱ्यावर आणि वेगावर ठरते, आणि थंडी वाजली की ती फट कोणीतरी बंद करतेच.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत लहान मुलेही, हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. गाडीच्या बाबतीतले उदाहरण याहून जवळचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. तिथे थंडीचा प्रश्नच नव्हता. एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्याचा धूर खालच्या भोकातून आत येत होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तीच परिस्थिती पुन्हा उभी करून मोजमाप केले, तेव्हा दोन तासांत आतले प्रमाण दहा लाख भागांत ९५७ भागांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांसाठीची मर्यादा साधारण नऊ भाग आहे.

म्हणून तळातली भोके बुजवायची ती नुसत्या गारठ्यासाठी नाहीत. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. मागच्या दाराचे रबर गेलेले असेल, तर तो आत ओढला जातो. मागची काच उघडी ठेवून धावणाऱ्या गाडीत हेच होते, ताज्या हवेऐवजी धूर आत येतो. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण गळका सायलेन्सर आणि बंद डबा यांचा हिशेब वेगळा होतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणे तर कुठल्याच इंधनावर नको. परदेशातल्या हौशी मंडळींत गाजलेल्या जुन्या एअरकूल्ड फोक्सवॅगन व्हॅनमध्ये पाणीच नसते, आतली ऊब सायलेन्सरच्या नळ्यांभोवतीच्या आवरणातून येते. त्या गंजल्या की उबेबरोबर धूरही आत येतो. हौसेने अशी गाडी आपल्याकडे कोणी जपत असेल, तर त्याने हे आधी तपासावे.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, गळून गेल्यासारखे वाटणे. घाटात तर याला आपण सरळ 'गाडी लागली' म्हणतो. फरक असा की गाडी लागते एकाला, दोघांना. सगळ्यांचे डोके एकदम जड होऊ लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय धरायचा. इंजिन बंद, दारे सताड उघडी, सगळे बाहेर, आणि कोणी पेंगुळलेले किंवा गोंधळलेले असेल तर थेट दवाखाना. करोनाच्या काळात घराघरांत आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे दगा देते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ते ऑक्सिजनचे रक्त समजते आणि ९८ दाखवते. डॉक्टरांना संशय स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण त्याची रक्ततपासणी वेगळी असते. उपचार म्हणजे ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

मुक्कामाची रात्र राहिली. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. बारा व्होल्टवर चालणारे छोटे विजेचे हीटर बाजारात मिळतात. ते दीडशे वॅटचे, म्हणजे दीड माणसाइतके, आणि चांगली बॅटरीही रात्रभरात झोपवणारे. डिझेलवर चालणारे स्वतंत्र हीटर चांगले असतात, पण त्यांची ज्वाला बंदिस्त, हवा बाहेरून घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी असावी लागते. ते घरी खटपट करून बसवायचे काम नव्हे. मी शेजाऱ्यांना म्हटले, हवा कशाला तापवता, माणूस तापवा. ऊब निम्मी खालून जाते, म्हणून फळीवर आधी घोंगडी, वर गादी, मग दोन गोधड्या. पायात लोकरी मोजे. गरम पाण्याची पिशवी काकू झोपण्याआधी अंथरुणात ठेवायची आणि त्या आडव्या झाल्या की काढून घ्यायची. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, पिशवीचा चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. छताजवळची झडप थोडी उघडी ठेवायची. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभरात पत्र्यावर जमून अंथरुण ओले करते, आणि ओले अंथरुण गारच. शिवाय झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म. तो ऑनलाइन मिळतो. त्याने वायू अडत नाही, फक्त जाग येते.

त्या पहाटे गाडी एक दिवस उशिरा निघाली, कारण थर्मोस्टॅट मिरजेहून यायचा होता. वाईपाशी काकूंनी शाल काढून ठेवली असे फोनवर कळले. शेगडी त्यांच्या परसात आहे. परवा तिच्यावर हुरडा भाजला, आम्हालाही बोलावले होते.