हृदयस्नायूतील महाकाय प्रथिनासाठी अगारोज जेल

प्रथिने रेणुभारानुसार वेगळी करण्यासाठी आपल्या प्रयोगशाळांत एसडीएसयुक्त पॉलीॲक्रिलामाइड जेल नित्य वापरले जाते. लेम्ली यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत किडींच्या विकरांना किंवा दुधातील केसीनला उत्तम लागू पडते. हृदयस्नायूतील टायटिनपाशी मात्र ती अडते. केसीनचा रेणुभार सुमारे २४ किलोडाल्टन, तर टायटिनचा ३,००० किलोडाल्टनहून अधिक! हे प्रथिन स्नायुतंतूत स्प्रिंगसारखे काम करते. हृदयात त्याची आखूड व ताठ आणि लांब व लवचीक अशी दोन मुख्य रूपे असतात. त्यांच्या प्रमाणावर हृदयभित्तीचा ताठपणा बऱ्याच अंशी ठरतो. म्हणून दोन्ही पट्टे स्वतंत्र दिसणे आवश्यक असते.

एवढा मोठा रेणू आत शिरावा म्हणून पॉलीॲक्रिलामाइड पातळ करावे, तर जेल हाताळतानाच फाटते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्नायुप्रथिनांचा अभ्यास करणारे ग्रीझर व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये याला व्यवहार्य पर्याय दिला. समुद्रशैवालापासून मिळणारे अगारोज केवळ १ टक्का घेतले तरी जेल मजबूत राहते आणि त्याची छिद्रे मोठी असतात. त्यात ३० टक्के ग्लिसरॉल मिसळून जेल उभे चालवतात. उभ्या काचांमधून अगारोज खाली घसरते, म्हणून तळाशी पॉलीॲक्रिलामाइडचे बूच बसवतात. युक्ती साधी आहे, पण तिच्यावाचून सारे वाया जाते. नमुना युरिया व थायोयुरियाच्या द्रावणात विरघळवून ६० अंश सेल्सिअसला तापवतात. नेहमीप्रमाणे उकळल्यास टायटिन तुटते.

याच प्रयोगशाळेला जेलवर काही उंदरांचे टायटिन नेहमीपेक्षा बरेच मोठे आढळले. त्या धाग्यावरून २०१२ मध्ये आरबीएम२० या जनुकातील दोष उघड झाला. टायटिनचे कोणते रूप बनावे, हे ठरवण्यात या जनुकाची कळीची भूमिका असते. मानवात त्यातील बिघाडाने हृदय विस्फारण्याचा गंभीर आजार होतो.

पशुविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, जनावराच्या मृत्यूनंतर स्नायूतील विकरे टायटिन तोडू लागतात. मांस मऊ होण्याशी या प्रक्रियेचा संबंध जोडला जातो. परंतु हृदयस्नायूच्या अभ्यासात तीच दिशाभूल करते, कारण तुटलेल्या टायटिनचा तुकडा वेगळे रूप असल्याचा भास निर्माण करतो. त्यामुळे नमुना काढताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा. नुसत्या बर्फावर ठेवून आणलेल्या नमुन्यातील प्रमाणावर मी तरी विसंबणार नाही.