खर्र्‍याची खरी किंमत

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा तोंडाच्या कर्करोगाचा एक मोठा उगम बुजला अशी अनेकांची समजूत झाली. विदर्भातील कोणत्याही पानठेल्यापुढे घटकाभर उभे राहिल्यास ती टिकत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा तेथे गिऱ्हाइकासमोरच तयार होतो. त्याला ना कारखाना, ना वेष्टन, ना पावती. कारखान्याला टाळे ठोकण्याच्या कल्पनेवर उभी असलेली बंदी तेथवर पोचावी कशी?

शिवाय सारा दोष तंबाखूच्या माथी मारून सुपारीला निर्दोष ठरविण्याची आपली जुनी खोड आहे. (सुपारी तर मंगलकार्यातली!) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगजनक ठरविली आहे. ती सतत चघळल्याने गालाचे आतील अस्तर ताठरते, तिखट सोसेनासे होते, पुढे तोंडच पुरते उघडत नाही. कर्करोगापूर्वीची ही अवस्था ऐन विशी-पंचविशीतही आढळते.

ठेल्यावर मोजलेली किंमत म्हणूनच फसवी आहे. उरलेली किंमत, कमावता हात रुग्णालयात पडल्यावर, घरची माणसे शेत गहाण टाकून भरतात.

तीन बोटे उभी धरून तोंडात शिरतात की नाही, एवढे पाहण्यास यंत्र लागत नाही. महाविद्यालयांत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रवेशाच्या वेळीच ही तपासणी शासनाने सक्तीची करावी, आणि ज्याचे तोंड उघडत नाही त्याला दंतवैद्याकडे पाठविण्याचा खर्चही उचलावा.