आकाशाच्या चित्रातील गाळलेल्या जागा

गुरू सिंह राशीत आला म्हणजे त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. २०१५ साली तो भरला होता. गणित पंचांगकर्त्याचे असले, तरी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उभा राहून कोणीही मनुष्य निरभ्र रात्री मान वर करून ते पडताळू शकतो.

आजच्या खगोलशास्त्रातील पुष्कळ चित्रे मात्र डोळ्यांनी पडताळता येत नाहीत. नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली रेडिओ दुर्बीण पाहा. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचे काम करतात. परंतु मधली जमीन रिकामी असल्याने आकाशाची माहितीही तुटक मिळते, आणि तुटक माहितीशी जुळणारी चित्रे अनेक निघू शकतात. त्यांतून संभाव्य चित्र शोधण्याची एक गणिती रीत हगबॉम यांनी १९७४ साली सांगितली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

आता हे काम न्यूरल नेटवर्ककडे सोपविण्याचे प्रयत्न चालू आहेत. हजारो नमुने दाखवून या संगणकीय प्रणालीला शिकवितात. मग ती तुटक माहितीवरून पूर्ण चित्र झटपट रेखाटते. वेळ वाचतो, हा लाभ उघड आहे. धोका असा, की जे पाहून ती शिकली, त्याच साच्यात ती आकाश पाहणार. अनपेक्षित असे काही खरोखरच तेथे असेल, तर ती ते पुसून टाकील. नसलेले काही रेखाटीलही. आणि चित्र तर दोन्ही वेळा सारखेच सुबक दिसेल!

फाटक्या पत्रातील गहाळ अक्षर तर्काने भरले, तर आपले इतिहाससंशोधक ते कंसात घालतात. विज्ञानालाही ही शिस्त परकी नाही. एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी शास्त्रज्ञांच्या चार गटांनी, एकमेकांना न दाखविता, एकाच माहितीवरून चित्रे काढली होती. चौघांनाही प्रकाशाचे कडे दिसले, तेव्हाच त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

न्यूरल नेटवर्कलाही हाच दंडक लावावयास हवा. मूळ मोजमापे सर्वांना खुली असावीत आणि तर्काचा भाग कोणता, हे चित्रासोबतच सांगितलेले असावे. वर्गाच्या भिंतीवर असे चित्र लावणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याला निदान एक प्रश्न विचारावयास शिकवावे: यातले मोजलेले किती आणि भरलेले किती?