मेलेला गडी पुन्हा कसा उठतो?

“मेलो, मेलो! कुणीतरी लवकर उठवा मला!” बंद दाराआडून अशी हाक आली की दादीच्या हातातली तसबीह थांबते आणि अम्मी पोळी तव्यावर टाकून धावत येते. आत मुलगा कानाला हेडफोन लावून खुशाल बसलेला असतो. मेलेला असतो तो पडद्यावरचा त्याचा गडी. मग “तौबा, असलं काही तोंडातून काढू नये” इथून सुरुवात होते आणि बोलणे मोबाइल काढून घेण्यापर्यंत जाते.

आमचे म्हणणे असे की, रागावण्याआधी हा शब्द खेळातला आहे हे ध्यानात घ्यावे. आपल्या गावच्या मैदानावर हुतूतू खेळणारी पोरेही “गडी मेला”, “गडी उठला” असेच ओरडत आली आहेत. जुन्या कबड्डीचे तर यावरूनच तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक मेलेला गडी परत मैदानात येई. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये बाद झाला तरी गडी मैदान सोडत नसे, फक्त समोरच्याला गुण मिळे. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्यांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो वाद घातला, तो फिरून फिरून याच तीन प्रकारांत येतो. मेलेल्या गड्याला परत येऊ द्यायचे का, आणि दिले तर कोणत्या किमतीवर?

आपल्याकडची मुले सर्वात जास्त खेळतात ते बंदुकांचे खेळ. त्यात एक डाव अर्ध्या तासाच्या आत संपतो, मेला तर मेला, पुढचा डाव नवा. आम्ही इथे बोलतो आहोत ते भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल. त्यात खेळणारा स्वतःसाठी एक पात्र उभे करतो. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी जखमा भरून काढणारा वैद्य. त्या पात्राला महिनोन् महिने वाढवायचे, कामगिऱ्या करून अनुभवाचे गुण जमवायचे, तलवार आणि चिलखत मिळवायचे, मित्र जोडायचे. संगणक बंद केला तरी ते जग चालूच राहते. म्हणून अशा खेळात मरण आले की प्रश्न एका डावाचा राहत नाही, वर्षभराच्या कमाईचा होतो.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केलेला ‘मड’. त्यात चित्र एकही नव्हते, सगळा खेळ शब्दांत. पण नियम कडक. लढाईत मेलेले पात्र कायमचे पुसले जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. त्यात मेलेला माणूस करड्या झग्यातले भूत होऊन भटके. तो काही बोलला तर जिवंत खेळाडूंना नुसते “ऊऊऊ” दिसे. वैद्य सापडून तो त्याला उठवीपर्यंत त्याचे सामान प्रेतापाशी उघड्यावर पडलेले, आणि येणारा-जाणारा ते उचलून नेई. गंमत म्हणजे हा खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीत खुद्द निर्माता रिचर्ड गॅरियट याचा ‘लॉर्ड ब्रिटिश’ नावाचा राजा एका साध्या खेळाडूच्या हातून मारला गेला. राजाला कुणी मारू शकणार नाही अशी सोय होती. पण मधे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि राजेसाहेब ती सोय परत चालू करायला विसरले.

खरी दहशत मात्र १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ची. त्यात मेला की अंगावरचे सगळे सामान प्रेतापाशी राही आणि खेळाडू दूर कुठेतरी, आधी ठरवून ठेवलेल्या जागी, रिकाम्या हाताने उभा होई. अनुभवाचे गुण कापले जात. वरच्या पायरीवर नुकताच चढलेला गडी एका मरणात खाली येई. सामान हवे असेल तर ज्या गुहेत मेलो त्याच गुहेत, ज्या राक्षसाने मारले त्याच्याच समोरून, नि:शस्त्र जाऊन प्रेत शोधायचे. जाताना पुन्हा मेला तर आणखी गुण गेले. आणि प्रेतही कायम टिकत नसे. मुदतीत पोचला नाही तर ते सामानासकट नाहीसे होई. रात्री दोनला सुरू झालेली ही प्रेताची शोधाशोध फजर उजाडली तरी संपत नसे.

पण याच कडक नियमामुळे त्या खेळात माणसे एकमेकांना धरून राहिली, हेही खरे. कारण एकट्याने प्रेत परत आणणे जवळजवळ अशक्य होते. एक प्रकारचा जादूगार दूरचे प्रेत मंत्राने ओढून आणू शके, म्हणून त्याची मनधरणी करावी लागे. वरच्या दर्जाचा धर्मोपदेशक मेलेल्याला उठवताना गमावलेल्या गुणांपैकी ९६ टक्के परत मिळवून देई. असा माणूस ओळखीचा असणे म्हणजे गावात डॉक्टर असण्यासारखे. जो लोकांशी उद्धट वागे, वाटणीत फसवे, त्याचे प्रेत तसेच पडून राही. नाव चांगले ठेवले तरच अडचणीत कुणी धावून येते, हा मोहल्ल्यातला नियम तिथेही लागू होता.

मग कंपन्यांच्या लक्षात आले की दर महिन्याला पैसे भरणारे गिऱ्हाईक असे रडवून टिकत नाही. २००४ च्या ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये मेल्यावर गुण जाईनात, उलट डोक्यावर गुणांचे कर्ज चढे आणि पुढच्या कमाईतला अर्धा भाग ते फेडण्यात जाई. (व्याज मात्र लागत नसे, एवढे समाधान.) त्याच वर्षीच्या ‘एव्हरक्वेस्ट’च्या दुसऱ्या भागात तर सुरुवातीला एकजण मेला की कर्ज सगळ्या साथीदारांवर वाटले जाई. आणि त्याच नोव्हेंबरात आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मरण अगदीच स्वस्त केले. मेलेला गडी कब्रस्तानात उठतो, करड्या-धुरकट जगातून पळत प्रेतापाशी येतो आणि पुन्हा जिवंत होतो. तोटा एवढाच की चिलखताची थोडी झीज होते, ती लोहाराला पैसे देऊन भरून काढायची. पळायचा कंटाळा असेल तर कब्रस्तानातच उठता येते, पण मग झीज जास्त आणि दहा मिनिटे अंगात अशक्तपणा. जगभर लाखो लोक या खेळात आले, त्यात या सौम्यपणाचा वाटा मोठा होता असे आम्हाला वाटते.

स्वस्त मरणाचे एक विचित्र फळ सप्टेंबर २००५ मध्ये दिसले. एका राक्षसाशी लढताना खेळाडूंना रक्ताचा एक संसर्ग होई. तो त्या लढाईपुरताच राहायचा होता. पण खेळाडूंच्या पाळीव जनावरांमार्फत तो शहरात पोचला. बलवान पात्रे तगली, नवी पात्रे पटापट मेली, रस्त्यांवर हाडांचे सापळे पसरले. मेलेले उठत, पुन्हा लागण होई, पुन्हा मरत. कुणी गावाबाहेर पळाले, कुणी उपचार करत थांबले, काही महाभाग मुद्दाम रोग पसरवत फिरले. शेवटी कंपनीला सर्व्हर पुन्हा सुरू करून तो आटोक्यात आणावा लागला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. साथीत माणसे कशी वागतील याचा अंदाज अशा जगातून घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न. कोरोनाच्या काळात त्या लेखाची पुष्कळांना आठवण झाली.

उलट्या टोकाचेही लोक आहेत. आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये मेलेला वैमानिक नव्या देहात उठतो, पण नष्ट झालेले जहाज गेले ते गेलेच. जानेवारी २०१४ मधल्या एका लढाईत तिथे बुडालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारे तीन लाख डॉलर धरली गेली. ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागात २००० सालीच ‘हार्डकोर’ प्रकार होता, एक मरण आणि पात्र कायमचे बाद. २०२३ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’नेही जुन्या खेळासाठी असे वेगळे सर्व्हर उघडले. म्हणजे पोरे पुन्हा गामिनीकडे वळली!

आता घरातली गोष्ट. “जेवायला चल” म्हटल्यावर “पाच मिनिटं” हे उत्तर नेहमीच बहाणा नसते. ऑनलाइन खेळ मधेच थांबवता येत नाही. ‘वॉरक्राफ्ट’च्या सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमांत चाळीस जण एकत्र उतरत. त्यातला वैद्य दस्तरखानावर येऊन बसला तर मागचे एकोणचाळीस मेलेच. म्हणून अशी मोहीम किती वेळ चालते हे मुलाला सुरू करण्याआधीच विचारावे. मगरिबला अर्धा तास राहिला असताना दोन तासांची मोहीम सुरू करू नये, हे त्याने आधी ठरवायचे आहे, मधे तार ओढण्यात अर्थ नाही. आणि एका गोष्टीवर मात्र आम्ही कडक आहोत. मोबाइलवरचे पुष्कळ खेळ मेलेल्या गड्याला लगेच उठवायचे पैसे मागतात, सोबत उलटी मोजणी चालू ठेवून. दहा, नऊ, आठ... त्या घाईत मुलाचे बोट अब्बूंच्या खात्यावर पडते. खेळाच्या फोनला बँकेचे कार्ड जोडलेले नसावे.

जीवन आणि मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, हे आपली मुले जाणतात. पडद्यावरच्या उठण्याने त्यांचा ईमान डळमळेल अशी भीती आम्हाला वाटत नाही. खेळणाऱ्यांनाही खरे मरण ओळखता येते. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनला ड्युशेन नावाचा स्नायूंचा असाध्य आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून, नंतर फक्त बोटे हलवत, त्याने अनेक वर्षे ‘वॉरक्राफ्ट’मध्ये ‘आयबेलिन’ नावाचा गडी खेळवला. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. मुलगा एकटाच राहिला, त्याला मित्र कधी मिळालेच नाहीत, हे आईवडिलांचे मोठे दु:ख होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली, आणि युरोपातल्या अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. कुणाला त्याने उदासीतून बाहेर काढले होते, कुणा आईला स्वतःच्या मुलाशी पुन्हा बोलायला शिकवले होते. त्याच्या गटातले काही जण ओस्लोला दफनविधीला आले. ज्याला प्रवास परवडत नव्हता त्याचा खर्च बाकीच्यांनी उचलला.

वडिलांनी नंतर सांगितले की, मुलाच्या त्या जगात आपण आधीच रस घ्यायला हवा होता. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. आयबेलिनला खेळात आल्या आल्या आधी धावायची सवय होती. खुर्चीत बसलेला मॅट्स रोज त्या हिरव्या रानातून पळत असे. त्याच्या आठवणीसाठी गटातले लोक खेळात एकत्र जमतात, कुणीही मंत्र म्हणत नाही, आणि सगळे मिळून त्याच्या जुन्या वाटेवरून धावतात.